दाराच्या खांबावरचा स्टिकर आधी वाचा

वापरलेली एसयूव्ही आणि छोटा ट्रॅव्हल ट्रेलर: उत्तर अमेरिकेतल्या वाचकांचे प्रश्न

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): आम्ही नवरा-बायको आणि बारा व आठ वर्षांची दोन मुलं. उन्हाळ्यात आई-बाबा पुण्याहून येतात. १७ फुटी, बंक बेड असलेला ट्रेलर पसंत केला आहे. माहितीपत्रकात रिकामं वजन ३,१०० पौंड आणि जास्तीत जास्त ३,९५० पौंड लिहिलंय. सात सीटची, ५,००० पौंड ओढणारी वापरलेली एसयूव्ही घेतली तर हजार पौंड हाताशी राहतात ना?

उत्तर: कागदावर राहतात, गाडीत राहत नाहीत. छोट्या कुटुंबाचा ट्रेलर सहसा ओढण्याच्या आकड्यावर अडत नाही, तो पेलोडवर अडतो. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर टायरच्या हवेचा स्टिकर दिसतो. त्यावर इंग्रजीत एक ओळ असते: माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त वजन कधीही नको. हाच पेलोड. ट्रेलरच्या जिभेचा (पुढच्या दांड्याचा) जो भार हिचच्या (गाडीमागच्या जोडणीच्या) बॉलवर खाली दाबतो, म्हणजे टंग वेट, तोही यातच धरायचा. विकणारा हे सांगत नाही, कारण बहुतेकदा त्यालाच ते माहीत नसतं.

आता तुमचा हिशेब मांडू. माहितीपत्रकातल्या ३,१०० पौंडांत बॅटरी, भरलेला गॅस सिलिंडर, पाणी, गाद्या-उशा, भांडी हे काहीही नसतं. सगळं भरल्यावर असा ट्रेलर ३,८०० च्या घरात जातोच. टंग वेट एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं. साडेबारा टक्क्यांनी ४७५ पौंड होतात. तुम्ही चौघं साधारण ४६०. भार वाटून देणारी हिच घेतलीत तर तिच्या लोखंडाचे ८०. गाडीत मागे ठेवलेला कूलर, कपडे, कुकर, पोह्यांपासून पापडांपर्यंतचा शिधा, खुर्च्या यांचे २०० धरा. आपल्या लोकांच्या सामानाला २०० हा कंजूस आकडा आहे. बेरीज १,२१५. समजा स्टिकरवर १,२८० आहेत, तर चौघांचं काम जेमतेम भागलं. आई-बाबा बसले की आणखी २८० पौंड चढले, बेरीज १,४९५, म्हणजे २१५ पौंड जास्त. ट्रेलर मात्र अजूनही ५,०००च्या कितीतरी खाली आहे.

५,००० हा आकडा कुठून येतो तेही बघा. अमेरिकेत आता बहुतेक कंपन्या एसएई जे२८०७ या एकाच चाचणीने आकडा काढतात. त्या चाचणीत गाडीत फक्त दोन माणसं धरतात, प्रत्येकी १५० पौंडांची. होंडा पायलटच्या मॅन्युअलमध्ये तर माणसं वाढली की ओढायचं वजन किती उतरतं याचा तक्ताच दिलेला असतो. विकत घ्यायच्या आधी मॅन्युअलचं ट्रेलरचं प्रकरण वाचा. ते इंटरनेटवर फुकट मिळतं.

आणखी एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. बॉल मागच्या चाकांच्याही मागे असतो, त्यामुळे तो तरफेसारखं काम करतो. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर) ११२ इंच आणि मागच्या आसापासून बॉल ४५ इंचांवर असेल, तर बॉलवरचे ४७५ पौंड मागच्या आसावर सुमारे ६६५ होतात आणि पुढच्या चाकांवरून १९० उचलले जातात. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग पोकळ लागतं, आणि पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीची पकडही तिथेच जाते. भार वाटणाऱ्या हिचचे स्प्रिंग बार यातला बराच भार पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर परत ढकलतात. पण स्टिकरचा आकडा ते वाढवत नाहीत, आणि काही कंपन्या आपल्या गाडीला अशी हिच लावू नका असं स्पष्ट लिहितात.

मग घ्यायचं काय? आई-बाबा ट्रेलरच्या सहलीला खरोखर येणार असतील, तर मोठी गाडी घ्या: २०१५ ते २०२० ची टाहो (५.३ लिटर व्ही-८), २०१८ नंतरची एक्स्पिडिशन किंवा जुनी ५.७ लिटरची सिक्वोया. चौघंच जाणार असाल तर २०१४ नंतरची डॉज ड्युरँगो व्ही-६ हा आमच्या मते सर्वांत समंजस मध्यममार्ग आहे. क्षमता ६,२०० पौंड, व्हीलबेस जवळजवळ १२० इंच, आठ गिअरचा साधा ऑटोमॅटिक, आणि मुळात मागच्या चाकांनी ओढणारी रचना. फक्त टो पॅकेज (ट्रेलर ओढण्यासाठीची कारखान्यातली जोडणी) असलेलीच शोधा. हायलँडर व्ही-६, पायलट ऑल-व्हील, ट्रॅव्हर्स यांचा आकडा टो पॅकेजसह ५,०००. चौघांना आणि ३,५०० पौंडांच्या आतल्या ट्रेलरला त्या छान आहेत. तुमच्या ट्रेलरने त्यांच्यावर ताण येईल. हायलँडर हायब्रिड विचारातही घेऊ नका. तिची मर्यादा ३,५०० आहे.

एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत पेलोडचा फरक दोनशे पौंडांपर्यंत सहज असतो. काचेचं छप्पर, मोठी चाकं, ऑल-व्हील, गरम-थंड होणाऱ्या सीट हे सगळं पेलोडमधूनच वजा होतं. म्हणून वरच्या ट्रिमची चकचकीत गाडी बघून भुलू नका. गाडी बघायला तासभर ड्राइव्ह करण्याआधी विक्रेत्याला खांबावरच्या स्टिकरचा फोटो पाठवायला सांगा. जो पाठवत नाही, त्याच्याकडे जाण्यात अर्थ नाही.

प्रश्न (ट्रॉय, मिशिगन): ८० हजार ते १ लाख मैल चाललेल्या दोन-तीन एसयूव्ही बघतोय. ट्रेलर ओढण्याच्या दृष्टीने तपासताना नेहमीपेक्षा वेगळं काय बघायचं?

उत्तर: पहिली गोष्ट, टो पॅकेज कारखान्यातून आलंय की नंतर कोपऱ्यावरच्या दुकानातून. मागे दोन इंची चौकोनी रिसीव्हर (हिच अडकवायची नळी) दिसला म्हणजे पॅकेज आहे असं नाही. तो कोणीही बसवून देतो. खऱ्या पॅकेजमध्ये मोठा रेडिएटर, ट्रान्समिशन तेलाचा वेगळा कूलर आणि सात पिनांचं सॉकेट यांसारख्या गोष्टी येतात. चार पिनांचं सॉकेट फक्त दिवे पेटवतं, त्याने ट्रेलरचे ब्रेक चालत नाहीत. व्हीआयएन नंबरवरून (गाडीच्या ओळख क्रमांकावरून) बऱ्याचदा मूळ विंडो स्टिकर मिळतो, त्यात पॅकेज लिहिलेलं असतं. टाहोत ऑप्शन कोडांच्या यादीत झेड८२ शोधा. शिवाय टॉर्च घेऊन पुढच्या जाळीतून आत बघा: मोठ्या रेडिएटरपुढे छोटासा वेगळा कूलर आणि त्याच्या दोन नळ्या दिसतात का?

दुसरं, आधीच्या मालकाने किती ओढलंय. तो म्हणेल, "कधीच नाही, फक्त सायकलींचा रॅक लावायचो." रिसीव्हरमधलं पिनेचं भोक बघा. ते गोल असायला हवं. लांबट झालं असेल तर बरंच ओढलेलं आहे. रिसीव्हरच्या आतला रंग घासून चकाकत असेल तर तेच. डॅशबोर्डच्या खाली गुडघ्याजवळ स्क्रूची दोन भोकं दिसली, तर तिथे ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक चालवणारं यंत्र) होता. ओढलेली गाडी घेऊच नये असं मुळीच नाही; नियमित ट्रान्समिशन तेल बदललेली, खरं बोलणाऱ्या मालकाची गाडी न ओढलेल्या पण न सांभाळलेल्या गाडीपेक्षा चांगली. खोटं पकडलं गेलं, तर बाकीचंही खोटं धरा.

ट्रान्समिशनचं तेल लालसर आणि पारदर्शक असावं. गडद तपकिरी आणि करपल्या वासाचं असेल तर क्लचच्या चकत्या जळत आहेत. आता बऱ्याच गाड्यांना डिपस्टिक नसते, त्यामुळे हे काम मेकॅनिककडून लिफ्टवर करून घ्यावं लागतं. २००५ ते २०१० च्या निस्सान पाथफाइंडरमध्ये रेडिएटरच्या पोटातला कूलर फुटून कूलंट ट्रान्समिशनमध्ये शिरण्याचा दोष सर्वश्रुत आहे. तेल स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं दिसलं की तिथूनच परत फिरा. २०१३ ते २०२० च्या पाथफाइंडरमध्ये सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) आहे. आकडा ५,००० ते ६,००० दिलेला असला तरी डोंगराळ भागात ट्रेलर ओढायला आम्ही सीव्हीटी सुचवत नाही. २०२२ पासून नऊ गिअरचा ऑटोमॅटिक आला, ती गाडी वेगळी.

फोर्ड एक्स्प्लोररच्या २०११ ते २०१९ पिढीतल्या ३.५ लिटर इंजिनात पाण्याचा पंप आत, टायमिंग चेनवर चालतो. सील गेलं की कूलंट थेट इंजिन तेलात जाऊ शकतं आणि दुरुस्तीत अर्धं इंजिन उघडावं लागतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. ऑइल कॅपच्या आत दुधाळ थर आहे का ते बघा. पायलटला टायमिंग बेल्ट आहे; तो लाखभर मैलांच्या सुमारास पाण्याच्या पंपासकट बदलावा लागतो. बिल मागा. बिल नसेल तर बेल्ट बदललेला नाही असं धरूनच भाव करा. टाहोच्या ५.३ इंजिनात हलक्या चालीत चार सिलिंडर बंद ठेवणारी यंत्रणा असते, तिचे लिफ्टर (व्हॉल्व्ह उचलणारे भाग) जातात. रात्रभर उभी असलेली गाडी तुमच्यासमोर सुरू करायला लावा आणि बॉनेट उघडं ठेवून ऐका. टकटक आवाज गरम झाल्यावरही थांबला नाही तर गाडी सोडा.

मिशिगनमध्ये राहता, म्हणजे हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेलं मीठ आलंच. हिच जिथे फ्रेमला बोल्टने जोडलेली असते ती जागा आणि मागच्या ब्रेकच्या नळ्या खालून बघा. वरवरचा लाल गंज चालतो. स्क्रूड्रायव्हरने टोचल्यावर पापुद्रे निघाले तर ती गाडी माणसं वाहील, ट्रेलर नाही. विक्रेत्याने खालून नुकताच काळा रंग मारलेला असेल, तर तिथे आधी टोचा.

टेस्ट ड्राइव्हला शंभर डॉलरच्या आतला ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकाला जोडायचं यंत्र) सोबत न्या. पुष्कळ गाड्यांत तो फोनवर ट्रान्समिशनचं तापमान दाखवतो. नुसती गाडी हायवेवर अर्धा तास चालवून १७५ ते २०० अंश फॅरनहाइट दिसायला हवं. ट्रेलरशिवायच २२० च्या वर जात असेल तर ट्रेलर लावल्यावर काय होईल? चढावर ५५ मैलांच्या वेगाला ॲक्सिलरेटरचं पेडल हळूहळू दाबा. गाडीने गिअर खाली घ्यावा आणि ओढावं. रस्त्याच्या कडेच्या खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखा थरकाप जाणवला तर टॉर्क कन्व्हर्टरवर (इंजिनाची ताकद ट्रान्समिशनकडे नेणाऱ्या भागावर) संशय घ्या. एनएचटीएसएच्या (अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा संस्थेच्या) साइटवर व्हीआयएन घालून रिकॉल शिल्लक आहेत का तेही बघा. ती दुरुस्ती डीलर फुकट करून देतो.

प्रश्न (पिट्सबर्ग): गाडी घेतली, हिशेबही जुळला. पण ५५च्या पुढे, विशेषतः मोठा ट्रक शेजारून गेला की ट्रेलर शेपटीसारखा हलतो. ट्रेलर ३,७०० पौंड भरतो. मागच्या बंपरवर चार सायकली आहेत. स्वे-बार (हेलकावे रोखणारा दांडा) घ्यावा का?

उत्तर: आधी सायकली उतरवा. जीभ हलकी असली की ट्रेलर हलतो, आणि मागे टांगलेलं प्रत्येक वजन जीभ हलकी करतं. रॅकसकट सायकली १५० पौंड, ट्रेलरच्या आसामागे १० फुटांवर आणि बॉल आसापुढे १२ फुटांवर असेल तर जिभेवरून १२५ पौंड उचलले जातात. समजा तुमचं टंग वेट ३१० आहे, म्हणजे ८.४ टक्के, कमीच. सायकली गाडीच्या छतावर नेल्या की ते ४३५ होतं, आणि ट्रेलर ३,५५० चा उरतो. टक्केवारी १२ च्या वर. मात्र छतावरच्या सायकली गाडीच्या पेलोडमध्ये मोजाव्या लागतील आणि जिभेचे वाढलेले १२५ पौंडही. छताची स्वतःची मर्यादा मॅन्युअलमध्ये असते, तीही बघा.

टंग वेट घरी मोजता येतं. बाथरूमचा वजनकाटा तेवढं वजन झेलणार नाही, म्हणून तरफ करायची. सपाट जागा, ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडणी. एका टोकाला काट्याच्याच उंचीची वीट, दुसऱ्या टोकाला काटा, दोन्हींवर एकेक पाइपचा तुकडा आणि त्या तुकड्यांवर जाड फळी. तुकड्यांमधलं अंतर बरोबर तीन फूट. फळीचं वजन आधी काट्यावर बघून घ्या. मग ट्रेलरचा जॅक फळीवर विटेकडच्या तुकड्यापासून एक फुटावर टेकवा, म्हणजे काटा दोन फुटांवर राहील. काट्यावर जो आकडा वाढेल त्याची तिप्पट म्हणजे टंग वेट. मोजताना ट्रेलर प्रवासाला निघताना असतो तसाच भरलेला हवा. पाण्याच्या टाकीत ३० गॅलन असले तर तेच २५० पौंड आहेत, आणि टाकी आसाच्या पुढे की मागे यावर जीभ जड होते की हलकी ते ठरतं.

पक्कं मोजायचं तर हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल (ट्रक तोलायचा मोठा काटा) असतो. पुढची चाकं पहिल्या फळीवर, मागची दुसऱ्या, ट्रेलरची तिसऱ्या. सगळं कुटुंब गाडीत बसलेलं हवं. मग पार्किंगमध्ये ट्रेलर सोडून फक्त गाडी पुन्हा तोला. पहिल्या वेळच्या पुढच्या-मागच्या आसांच्या बेरजेतून दुसऱ्या वेळची बेरीज वजा केली की टंग वेट निघतं. भार वाटणारी हिच असेल तर पहिल्या वेळी बार सैल ठेवूनच, नाहीतर आकडा कमी दिसेल.

रस्त्यात हेलकावा सुरू झालाच तर गाडीचा ब्रेक मारू नका, वेगही वाढवू नका. स्टिअरिंग सरळ धरा, पाय ॲक्सिलरेटरवरून अलगद काढा आणि ब्रेक कंट्रोलरची बोटाने सरकणारी खुंटी दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. ही खुंटी कुठे आहे ते न बघता सापडलं पाहिजे. स्वे-बार शेवटी घ्या, वजन सुधारल्यावर.

प्रश्न (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया): उन्हाळ्यात कोलोरॅडोला जायचं ठरवतोय. व्ही-६ पुरेल की टर्बो शोधू?

उत्तर: टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. आय-७० वरचा आयझनहावर बोगदा सुमारे ११,००० फुटांवर आहे, म्हणजे तिथे तुमच्या व्ही-६ची तिसरा हिस्सा ताकद गेलेली असेल. गाडी मरणार नाही. इंजिन ४,५०० आरपीएमवर ओरडत ४० मैलांनी चढेल. ते इंजिनाला चालतं, बसलेल्यांना चालत नाही, एवढाच फरक. ताकदीपेक्षा उष्णतेची काळजी करा. जे२८०७ ची चढाची चाचणी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या ११.४ मैलांच्या चढावर, शंभर अंश फॅरनहाइट उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून असते, ती यासाठीच. टो-हॉल मोड (ओझं ओढतानाची गिअरची सेटिंग) चालू ठेवा. उतरताना गिअर आधीच खाली घ्या. ब्रेक सतत घासत न ठेवता दाबा, वेग उतरवा, सोडा. एक्स्पिडिशनचं ३.५ लिटर टर्बो या रस्त्यावर निश्चितच निवांत चालतं, पण तेवढ्यासाठी चांगली गाडी विकू नका.

तुमच्या राज्यात ट्रेलर लावल्यावर वेगमर्यादा ५५ आहे, आणि १,५०० पौंडांच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक लागतात. बऱ्याच राज्यांत ही हद्द ३,००० आहे. ब्रेक कंट्रोलर प्रपोर्शनल प्रकारचाच (गाडीच्या ब्रेकच्या प्रमाणात ट्रेलरचे ब्रेक लावणारा) घ्या. रिकाम्या मैदानात २५ च्या वेगाला खुंटी दाबून गेन (ट्रेलरच्या ब्रेकचा जोर) वाढवत न्या, ट्रेलरची चाकं घसटली की किंचित कमी करा. पेट्रोलचं म्हणाल, तर १० ते १२ मैल प्रतिगॅलन धरून पंप ठरवा. नेवाडात पंप दूर दूर आहेत.

ट्रेलरच्या टायरवर डीओटीपुढचे शेवटचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी दिसली तरी इतका जुना टायर वाळवंटात नेऊ नका. एसटी (खास ट्रेलरच्या) टायरवर वेगळं लिहिलं नसेल तर तो ६५ मैलांसाठीच असतो.

प्रश्न (मिसिसागा): पायलट टू-व्हीलला दुकानदार ५,००० पौंडांची हिच लावून देतो म्हणतोय. लावू का?

उत्तर: हिच ५,०००ची झाली म्हणून गाडी होत नाही. त्या पायलटची मर्यादा ३,५०० पौंड, म्हणजे सुमारे १,५९० किलो, तीच राहते. साखळीत सर्वांत कच्ची कडी जी असेल ती मोजायची. ऑन्टारिओत १,३६० किलोंपासून ट्रेलरला ब्रेक लागतात, तेव्हा सात पिनांचं सॉकेट आणि कंट्रोलर या खर्चात धराच. तिथल्या साध्या जी लायसन्सवर ४,६०० किलोंपर्यंतचा ट्रेलर चालतो, त्यामुळे तिकडची चिंता नको. बॉल कपलरवर (ट्रेलरच्या टोकाच्या, बॉलवर बसणाऱ्या वाटीवर) कोरलेल्या मापाचाच घ्या. कुलूप लावल्यावर ट्रेलरचा जॅक वर घेऊन गाडीचा मागचा भाग एक-दोन इंच उचलला जातो का ते प्रत्येक वेळी बघा. उचलला गेला नाही, कपलर सुटून वर आला, तर बॉल लहान आहे किंवा खटका नीट बसलेला नाही.